कर्णधारासाठी अर्ज, तीन प्रतींत

मला बोट लागते. काही लोकांना बोट सुटल्यावर लागते, काहींना समुद्र खवळल्यावर. माझं तसं नाही. भाऊच्या धक्क्यावर रेवसच्या लाँचचं तिकीट काढतानाच माझ्या पोटात भरती सुरू होते आणि पलीकडे उतरल्यावर एक चहा आणि दोन लिंबाच्या फोडी होईपर्यंत ओहोटी लागत नाही. असा मी मनुष्य, बी. कॉम. (सेकंड क्लास), बँकेतला कारकून, गेल्या वर्षी तीन आठवडे निरनिराळ्या देशांत नौकेचा कप्तान कसा तयार करतात याचा तुलनात्मक तक्ता करत बसलो होतो. यावर आमच्या कुटुंबाची प्रतिक्रिया अशी, "आधी स्कूटरचं लायसन नूतनीकरण करून आणा. तीन महिने झाले संपून."

झालं असं. आमची शाखा रायगड जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावरच्या गावात आहे. शाखेच्या मागच्या खिडकीतून समुद्र दिसतो आणि पुढच्या दारातून मासळीचा वास येतो. अशा शाखेत एक नियम अलिखित असतो. जे काम कुणाचंच नाही ते एका विशिष्ट टेबलावर येतं. ते टेबल माझं. मागे एकदा एका गिऱ्हाइकानं लॉकरमध्ये सुके बोंबील ठेवले होते, तेव्हा पत्रव्यवहार मीच केला होता.

तर एका सोमवारी, म्हणजे गर्दीच्या ऐन वेळी, कोळीवाड्यातले एक नाखवा आणि त्यांचा मुलगा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. नाखवांना मी ओळखत होतो. त्यांच्या बोटीच्या इंजिनाचं कर्ज आमच्याकडेच होतं, आणि ते त्यांनी मुदतीच्या दोन महिने आधी फेडलं होतं. हा प्रकार आमच्या शाखेत इतका नवा होता, की ते खातं बंद कसं करायचं हे कुणाला पटकन आठवेना.

"साहेब, पोराला कागद पायजे," नाखवा म्हणाले.

"कसला कागद?"

"कप्तानाचा."

मुलानं पुढे केलेल्या अर्जावर लिहिलं होतं : शैक्षणिक कर्ज. अभ्यासक्रम : यॉटमास्टर ऑफशोअर. देश : इंग्लंड. रक्कम बारा लाखांच्या थोडी वर. तारण म्हणून वडिलांची बोट.

मॅनेजरसाहेबांनी अर्ज पाहिला आणि प्रसन्न झाले. "मास्टर्स करतोय वाटतं! कुठली युनिव्हर्सिटी?" मी त्यांना सांगितलं, साहेब, हे मास्टर त्यातले नव्हेत, हे शिडाच्या नौकेचे मास्टर. साहेबांचा चेहरा उतरला. अर्ज वर गेला आणि बारा दिवसांनी आमच्या वरिष्ठ कार्यालयाचं पत्र आलं. भावार्थ असा : सदर प्रमाणपत्र देणारी संस्था सरकारी आहे काय? नसल्यास, ती नोकरीसाठी सक्षम यंत्रणेनं मान्य केलेली आहे काय? इतर देशांत या बाबतीत काय परिस्थिती आहे? तुलनात्मक तक्ता तीन प्रतींत पाठवावा. पत्राच्या कोपऱ्यात साहेबांनी हिरव्या शाईत माझं नाव लिहिलं होतं.

सुरुवात ब्रिटनपासून केली. अर्ज तिथला होता, आणि एके काळी समुद्रावर राज्य करणाऱ्या देशात कप्तानाच्या लायसनची व्यवस्था कडेकोट असणार, असा माझा बी. कॉम. अंदाज होता. पहिल्याच दिवशी तो बुडाला. ब्रिटनमध्ये स्वतःच्या हौसेसाठी चोवीस मीटरपर्यंतची नौका समुद्रात न्यायला कायद्यानं लायसन लागतच नाही! सकाळी नौका विकत घ्या, दुपारी शीड उभारा आणि चहाच्या वेळेला फ्रान्सच्या दिशेनं निघा. कुणी विचारणार नाही. मात्र घरी बसून टीव्हीवरचं चालू प्रक्षेपण पाहायचं असेल तर लायसन लागतं. म्हणजे समुद्र पाहायला परवानगी नको, समुद्रावरचा कार्यक्रम पाहायला हवी.

ह्या मोकळिकीचं एक उदाहरण वाचलं आणि मी टेबलावरचा चहा सांडला. १९६८ साली इंग्लंडमध्ये एक शर्यत निघाली. एकट्यानं, कुठंही न थांबता, शिडाच्या नौकेनं पृथ्वीप्रदक्षिणा. निघाले नऊ जण. त्यांतले चे ब्लाईथ हे माजी सैनिक. दोन वर्षांपूर्वी एका जोडीदाराबरोबर त्यांनी वल्ही मारत अटलांटिक ओलांडला होता, पण शीड कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग त्यांनी काय केलं? निघण्याच्या दिवशी मित्रांना दुसऱ्या नौकेतून पुढे ठेवलं. पुढचे शीड ओढतील तसं यांनी ओढायचं! शाळेत पी.टी.च्या तासाला मी असाच पुढच्याकडे पाहून हात वर करायचो, पण मला पृथ्वीप्रदक्षिणा नव्हती करायची. ब्लाईथ दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोचले, तिथं त्यांनी शर्यत सोडली. पण गडी जिद्दीचा. १९७१ साली त्यांनी वाऱ्याच्या उलट दिशेनं एकट्यानं न थांबता प्रदक्षिणा पुरी केली. ६८ची शर्यत पुरी करणारा मात्र एकच निघाला, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. तो व्यापारी जहाजांवरचा अधिकारी, रीतसर कागद असलेला. आणि ज्या 'सुहेली' नावाच्या सागवानी नौकेतून त्यानं ३१२ दिवस काढले ती बांधलेली कुठं? मुंबईत, कुलाब्याला. हे वाक्य मी तक्त्याच्या शेरा-रकान्यात लाल शाईनं लिहिलं होतं. साहेबांनी ते खोडलं.

तर लायसन नाही, म्हणून शिक्षण नाही असं समजू नये. उलटंच आहे. १८७५ साली स्थापन झालेली रॉयल यॉटिंग असोसिएशन नावाची एक संस्था तिथं आहे. ती सरकारी नाही, नौकाविहार करणाऱ्यांची संघटना आहे, आणि परीक्षा घेते ती सक्ती नसताना. तिची शिडी अशी : आधी कॉम्पिटंट क्रू, म्हणजे बोटीवर कुणाच्या पायांत न येणारा माणूस. मग डे स्किपर, म्हणजे दिवसाउजेडीचा कप्तान. (आमच्या शाखेत असे बरेच आहेत, साडेपाचनंतर ते सापडत नाहीत.) मग कोस्टल, मग ऑफशोअर आणि सगळ्यात वर ओशन. ओशनसाठी सहाशे मैलांची सलग सफर हवी आणि सेक्स्टंट नावाच्या यंत्रानं सूर्य मोजून आपण कुठं आहोत ते काढता आलं पाहिजे. खिशात मोबाईल असला तरी.

आमच्या अर्जदाराला हवं होतं ते ऑफशोअर. त्याच्या अटी मी पाठ केल्या, कारण पाठ करणं हा आमचा धर्म. समुद्रावरचे पन्नास दिवस. अडीच हजार सागरी मैल. साठ मैलांहून लांब अशा पाच सफरी, त्यांतल्या दोन रात्रभराच्या आणि दोन स्वतः कप्तान होऊन केलेल्या. हे सगळं गेल्या दहा वर्षांतलं, आणि त्यातलं निदान निम्मं भरती-ओहोटीच्या पाण्यातलं. शिवाय रेडिओचं प्रमाणपत्र, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र. एवढं जमवलंत की परीक्षक तुमच्या बोटीवर येतो. एकच उमेदवार असेल तर आठ ते बारा तास तो बोटीवर बसतो. रात्री बंदरात बोट घ्यायला लावतो. मधेच एक वस्तू पाण्यात टाकून "माणूस पडला!" म्हणून ओरडतो. आणि सगळ्यात क्रूर म्हणजे तुम्हाला खाली खोलीत पाठवून पडदे लावतो, धुकं पडलंय असं समजा म्हणतो, आणि फक्त नकाशा आणि पाण्याची खोली यांवरून वर सुकाणू धरणाऱ्याला दिशा सांगायला लावतो.

इथं मला माझी खाजगी गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. बँकेत बढतीला उपयोगी पडणारी सीएआयआयबी नावाची परीक्षा असते. ती मी चार वेळा दिली आहे. दर वेळी एकच पेपर राहतो आणि दर वेळी तो वेगळा असतो. एकवीस वर्षं मी बँकेच्या समुद्रात आहे. वादळं पाहिली, नोटबंदी पाहिली, मार्चअखेर तर दर वर्षी पाहतो. पण माझ्या या एकवीस वर्षांना कुठल्या रकान्यात मैल म्हणून धरत नाहीत. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा समुद्र बाद, हे वाचल्यावर मला इंग्लंडविषयी थोडा राग आणि नाखवांविषयी फार जवळीक वाटली. चाळीस वर्षं दर्यात घालवलेल्या ह्या माणसाची तीस वर्षं एका फटक्यात रद्द!

पुढचा रकाना अमेरिकेचा. तिथं चालवायचा हक्क नाही, माणसं न्यायचा हक्क परीक्षेनं मिळतो. पैसे घेऊन सहापर्यंत उतारू न्यायचे तर तटरक्षक दलाचं लायसन लागतं. त्याला बोलीभाषेत 'सिक्स पॅक' म्हणतात. त्याचा पोटाच्या स्नायूंशी संबंध नाही. अट : समुद्रावरचे तीनशे साठ दिवस, त्यांतले नव्वद गेल्या तीन वर्षांतले. मी नाखवांना हे कळवणारच होतो, तेवढ्यात खालची बारीक अक्षरं वाचली. छोट्या नौकांसाठी चार तासांचा एक दिवस धरतात! हे वाक्य मी मोठ्यानं वाचलं तेव्हा आमचे हेडकॅशियर खुर्चीतून उठून आले. चार तासांचा एक दिवस धरणारं सरकारी खातं जगात आहे, ते अमेरिकेत आहे, आणि आपण इथं शनिवारच्या सुट्टीसाठी भांडतोय, असं त्यांनी दुपारपर्यंत सगळ्यांना सांगितलं. लेखी परीक्षा मात्र कडक. समुद्रावरच्या रहदारीच्या नियमांत शंभरात नव्वद हवेत. आणि स्वतःचीच बोट असेल तर किती दिवस समुद्रावर होतो याच्या दाखल्यावर मालक म्हणून सही आपणच करायची, फक्त मालकीचा पुरावा जोडायचा. हे मला फार आवडलं. पण पुढचा मास्टरचा परवाना अमेरिकन नागरिकालाच मिळतो, तेव्हा अमेरिका बाद.

युरोपात तर प्रत्येक घराची चूल वेगळी. फ्रान्समध्ये साडेचार किलोवॉटच्या वरचं इंजिन असेल तर परवाना हवा, पण शिडाच्या नौकेला नको. वारा फ्रेंच असल्यामुळे तो जबाबदारीनं वाहतो, असं त्यांचं गृहीत असावं. इटलीत किनाऱ्यापासून सहा मैलांच्या बाहेर गेलात की परवाना लागतो. जर्मनीत पंधरा अश्वशक्तीच्या वर इंजिन असलं की लागतो. पूर्वी ही हद्द पाच अश्वांची होती, २०१२ साली आणखी दहा घोडे माफ झाले. त्या परवान्याचं जर्मन नाव मी तक्त्याच्या रकान्यात लिहायला घेतलं तर ते स्वीडनच्या हद्दीत गेलं. स्वीडनमध्ये नौका बारा मीटरपेक्षा लांब आणि शिवाय चार मीटरपेक्षा रुंद असेल तरच परवाना. नुसती लांब असेल तर चालतं. लांब आणि सडपातळ असण्याचे फायदे मला आयुष्यात कधी मिळाले नाहीत, ते स्वीडनमध्ये नौकांनासुद्धा मिळतात. ग्रीसमध्ये भाड्यानं नौका घ्यायची तर कप्तानाकडे प्रमाणपत्र हवं आणि बरोबरच्या दुसऱ्या माणसानं मलाही थोडंफार येतं असं लिहून द्यायचं. म्हणजे जामीनदार. ग्रीस मला एकदम घरचं वाटलं. क्रोएशियात बंदर-कप्तानाच्या कचेरीत जाऊन परीक्षा द्यायची. सुट्टीवर आलेले परदेशी पाहुणेही ती देऊन जातात. इंग्लंडचे पन्नास दिवस कुठं आणि क्रोएशियाची सुट्टी कुठं! समुद्रावरचे रहदारीचे नियम मात्र १९७२च्या करारापासून सगळ्यांना सारखेच.

आणि स्वित्झर्लंड. ह्या देशाला समुद्र नाही. चहूबाजूंनी डोंगर आणि मधे बँका. तरी तिथं खोल समुद्रात नौका चालवण्याचं रीतसर प्रमाणपत्र आहे, आणि त्यासाठी हजार मैल आणि अठरा दिवस समुद्रावर काढावे लागतात. ते कुठं काढायचे, तर दुसऱ्यांच्या समुद्रात. मला वाटलं ही हौस कागदापुरतीच असेल. पण २००३ साली अमेरिकाज कप ही नौकांची जगातली मानाची शर्यत ह्याच स्वित्झर्लंडच्या 'अलिंघी'नं जिंकली. जिंकली ती न्यूझीलंडकडून, आणि न्यूझीलंड हा असा देश, की समुद्र अंगणात आणि हौशी माणसाला नौकेचं लायसन लागत नाही. लायसनवाल्यांनी बिनलायसनवाल्यांना हरवलं असा निष्कर्ष मी काढणार होतो, एवढ्यात कळलं की स्विस नौकेचा कप्तान रसेल कूट्स हा मूळचा न्यूझीलंडचाच, आणि आधी दोनदा तोच कप त्यानं न्यूझीलंडसाठी जिंकलेला. बँकांच्या देशानं माणूसच भरती करून घेतला. तक्ता पुन्हा कोरा.

ह्या सगळ्या गोंधळावर उपाय म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या युरोपच्या आर्थिक आयोगानं एक आंतरराष्ट्रीय दाखला काढला आहे. काही देश तो मानतात, काही सही न करता मानतात. ब्रिटनमध्ये घरी त्याची गरजच नाही, पण परदेशी फिरायला लागतो म्हणून ती रॉयल संघटनाच तो देते. आपल्याकडे लग्नात आहेर घेत नाहीत पण पाकीट आणलंच तर नाही म्हणत नाहीत, तसं.

मोठ्या जहाजांवरच्या खलाशांसाठी मात्र सगळ्या जगाचा मिळून एक करार आहे, १९७८ सालचा. शिक्षण कसं हवं, पहारा कसा द्यावा, प्रमाणपत्र कुणाला द्यावं, सगळं त्यात आहे. तो कुणाला लागू नाही याची यादी मी शोधून काढली. एक, युद्धनौका. दोन, मच्छीमार नौका. तीन, धंदा न करणाऱ्या हौशी यॉट. चार, जुन्या साध्या पद्धतीच्या लाकडी नौका. म्हणजे मोनॅकोचा अब्जाधीश आणि आमचे नाखवा एकाच कलमात सुटतात. त्यातून अब्जाधीश एकाच कारणानं, आणि नाखवा दोन कारणांनी! त्यांची बोट मच्छीमारही आहे आणि लाकडीही.

भारताचा रकाना भरताना १९१७ सालचा जुना इंग्रजी कायदा हाताला लागला, अंतर्गत जलमार्गांवरच्या आगबोटींचा. २०२१ साली त्याच्या जागी नवा आला. त्या जुन्या कायद्यात फर्स्ट क्लास मास्टर, सेकंड क्लास मास्टर आणि त्यांच्या खाली चक्क 'सारंग' अशी प्रमाणपत्रं होती. आपला सारंग, साहेबाच्या कायद्यात, पण तिसऱ्या नंबरावर. मला हे लागलं. खिडकीतून समुद्राकडे बघताना कान्होजी आंगरे आठवले. इथून थोड्याच अंतरावर कुलाब्याच्या किल्ल्यात बसून त्यांनी उलटा व्यवहार केला होता. ह्या किनाऱ्यावरून जायचं तर परकी व्यापाऱ्यांनी सरखेलांचं दस्तक घ्यायचं, म्हणजे लायसन द्यायचे कान्होजी. इंग्रजांनी घेतलं नाही आणि १७२१ साली पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर चालून आले ते हात हलवत परत गेले. हा मजकूरही साहेबांनी खोडला. "हेड ऑफिसला इतिहास नको, शिफारस हवी."

आणि शिफारशीचंच अडत होतं. कारण मुलानं अर्जाला जोडलेलं माहितीपत्रक मी एव्हाना नीट वाचलं होतं. तो चार महिन्यांचा एकत्र अभ्यासक्रम होता. राहणं, शिकणं, मैल जमवणं, परीक्षा, सगळं एका पाकिटात. अशा अभ्यासक्रमांना त्या धंद्यातले लोकच 'झीरो टू हीरो' म्हणतात. हीरो नाही झाला तर काय, ते पत्रकात नव्हतं. पण तारणाच्या रकान्यात होतं. बोट.

स्थळपाहणीला साहेब येणार होते, पण त्यांना त्या दिवशी ऐन वेळी मीटिंग निघाली. मी गेलो. खिशात लिंबू घेऊन. नाखवा म्हणाले, बोट बघायची तर पाण्यात बघा, धक्क्यावर सगळ्याच बोटी चांगल्या. मुलगा सुकाणूवर, नाखवा शेजारी, मी डोलकाठीला मिठी मारून. खाडीच्या तोंडाबाहेर पडल्यावर मन रमवण्यासाठी मी इंग्लंडची परीक्षा घ्यायला सुरुवात केली.

"नाखवा, रात्री समोर लाल दिवा वर आणि पांढरा खाली दिसला तर?"

"जाळं टाकून हाय कुणीतरी. लांबून जायाचं."

बरोबर.

"धुकं पडलं, काहीच दिसत नाही, मग कुठं आहोत ते कसं कळणार?"

नाखवांनी कोपऱ्यातली दोरी दाखवली. टोकाला शिसं, शिशाच्या बुडाला चरबी. खाली सोडायचं, किती वाव गेलं ते मोजायचं आणि चरबीला काय चिकटून आलं ते पाहायचं. चिखल असला तर इथं, वाळू असली तर तिथं, शिंपल्यांचा चुरा असला तर खडक जवळ. ब्रिटिश नौदलाच्या नकाशांवर तळाला चिखल आहे की वाळू याची अक्षरं छापलेली असतात ती ह्याचसाठी, हे मी नुकतंच वाचलं होतं. ह्यांच्याकडे नकाशा नव्हता, चिखल होता.

तिसरा प्रश्न मी विचारला नाही. माझी टोपीच वाऱ्यानं उडून पाण्यात गेली. कुणी ओरडलं नाही. मुलानं टोपीवरची नजर न काढता बोट वळवली, इंजिन बारीक केलं, वाऱ्याचा अंदाज घेऊन असा आला की टोपी आपणहून कडेला लागली, आणि नाखवांनी ती वाकून उचलली. मी त्याच वेळी दुसऱ्या कडेला वाकलेला होतो, तेव्हा पुढचं मला पाहता आलं नाही.

परत आल्यावर घरी चहा झाला. नाखवीण इतका वेळ काही बोलल्या नव्हत्या. कप उचलताना म्हणाल्या, "भाऊ, नापास झाला तर पैसं परत देत्यात का?"

"नाही."

"आनि बोट?"

ह्याचं उत्तर मला पाठ होतं. छापील अर्जाच्या मागच्या पानावर अकरावं कलम. मी ते म्हटलं नाही. चार वेळा नापास झालेल्या माणसाला नापास ह्या शब्दाची किंमत कळते, आणि माझ्या परीक्षांना कुणी बोट लावली नव्हती. मी मुलाला विचारलं, "तुला शिडाची नौका येते कुठून?"

तो आत गेला आणि दोनशे पानी वही घेऊन आला. दोन हंगाम तो मुंबईतल्या एका यॉटमालकाकडे नोकरीला होता. मालकांना गोव्याला जायची हौस, आणि बोट लागायची सवय. वहीत शाळेतल्यासारख्या रेघा मारून तारीख, कुठून, कुठं, किती मैल, वारा, रात्र की दिवस, सगळं लिहिलेलं. बाप हसायचा म्हणून दाखवलं नव्हतं.

मी वही घरी नेली. आता, जगात मला एक गोष्ट येते. उभी बेरीज. मला सीएआयआयबीत कुणी उभी बेरीज विचारत नाही हे माझं दुर्दैव. रात्री बारापर्यंत मी ते मैल मांडले, दोनदा तपासले, उलटे खालून वर केले. दिवस : एकाहत्तर. मैल : एक हजार नऊशे अकरा. लांब सफरी : सहा, सगळ्या रात्रीच्या. आणि त्यांतल्या तिघींपुढे शेरा, 'मालक खाली झोपलेले.' मालक खाली झोपलेले असताना वर कप्तान कोण, ह्याचा अर्थ लावायला बी. कॉम. पुरतं. तरी मालकांकडून तसं सहीनिशी लिहून आणायला मी त्याला सांगितलं. सही नसलेल्या व्यवहारावर माझा विश्वास नाही.

आणि मग तक्ता करताना वाचलेली एक ओळ उपयोगी पडली. ऑफशोअरच्या परीक्षेला बसायला आधी अभ्यासक्रम केलाच पाहिजे अशी सक्ती नाही. मैल हवेत, दोन प्रमाणपत्रं हवीत, बस! चार महिन्यांच्या पाकिटात बहुतेक पैसा जात होता तो मैलांसाठी, आणि मैल वहीत होते. कमी पडत होते पाचशे एकोणनव्वद. ते मुलानं दिवाळीनंतर दोन गोवा आणि एक फुकट चाकरी करून भरून काढले. राहिला विमानाचा खर्च, परीक्षेआधी तिथल्या पाण्याशी ओळख व्हायला दोन आठवडे, परीक्षेची फी, आणि पुढे त्या प्रमाणपत्रावर नोकरीचा शिक्का मिळवायला लागणारी वैद्यकीय तपासणी, समुद्रात जीव वाचवण्याचं शिक्षण आणि एक छोटा अभ्यासक्रम. हा शिक्का ब्रिटिश सरकारच्या सागरी खात्याच्या वतीनं मिळतो, आणि तो असला की दोनशे टनांपर्यंतच्या नौकेवर पगारी कप्तान होता येतं. हेड ऑफिसच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ते हेच होतं. संस्था सरकारी नाही, पण सरकार तिचं ऐकतं.

नवी रक्कम चार लाखांच्या आत बसली. चार लाखांपर्यंत आमच्याकडे तारण लागत नाही. बोटीचा रकाना मी फुलीनं भरला. तक्ता तीन प्रतींत गेला, चौदा देश, सात रकाने. मंजुरीच्या पत्रात तक्त्याचा उल्लेख नव्हता. फक्त, स्थळपाहणीच्या खर्चात दाखवलेली लिंबं कोणत्या नियमाखाली, असं विचारलं होतं.

मुलगा मे महिन्यात परीक्षा देऊन आला. पडदे लावून खाली बसवलं तेव्हा भीती वाटली का, असं मी विचारलं. म्हणाला, नाय काका, चिखलाचं सगळं नकाशावर लिवलं व्हतं, सोप्पं गेलं.

फाईलला लावायची प्रत घेऊन नाखवा स्वतः आले. मूळ प्रमाणपत्र त्यांनी प्लॅस्टिकमध्ये घालून बोटीच्या खोलीत एकवीरा आईच्या तसबिरीखाली लावलंय, असं मुलगा म्हणाला. मी प्रतीवर शिक्का मारला, सही केली. नाखवांना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी शिक्का वाळू दिला, मग नावाच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "पोराचं नाव ह्ये?"

"हो. हे त्याचं, आणि हे शेवटचं आडनाव."

"आनि हे मधलं?"

पासपोर्टावर जसं असतं तसं इंग्रजांनी पूर्ण नाव छापलं होतं. मी वाचून दाखवलं. नाखवांनी ती प्रत पुन्हा माझ्या हातून घेतली आणि काउंटरवरच्या रांगेत मागं उभ्या असलेल्या बाईंकडे वळून त्या मधल्या शब्दावर बोट ठेवलं.

"ह्यो मी," ते म्हणाले.